दोन परस खोल कुंकवाचा रंग

जालना जिल्ह्याला समुद्र नाही, हे मला पाण्याखालचा कॅमेरा विकत घेतल्यावर कळलं. शाळेत नकाशा पाहिला होता, नाही असं नाही. पण माणूस नव्या यंत्राच्या नादी लागला की नकाशा, स्वतःचं वय आणि बायको या तिन्ही गोष्टी त्याला दिसेनाशा होतात.

मी दत्ता शूटिंगवाला. आडनाव आहे, पण ते आता फक्त लाईट बिलावर येतं. भोकरदन तालुक्यात मी इतकी लग्नं शूट केली आहेत की मंगलाष्टकं म्हणताना गुरुजी अडखळले तर माझ्याकडे बघतात. एकदा वावटळीत मांडव उडाला, तेव्हा मी बांबूला धरून मांडवाबरोबर वर गेलो आणि तिथून अख्ख्या पंगतीचं चित्रण करून बुंदीच्या परातीशेजारी अलगद उतरलो. ड्रोन यायच्या कितीतरी आधी वरून शूटिंग घेणारा या भागातला पहिला माणूस मी. माझे एडिटर रफिकभाई म्हणतात की मी नुसता खुर्चीवरून पडलो होतो. रफिकभाईंची उमर माझ्या शूटिंगमधला फालतू भाग कापण्यात गेली आहे. आता ते माझं बोलणंही कापतात.

तर अलीकडे लग्नाआधीच्या शूटिंगचं फॅड आलं. आधी नवरानवरी मक्याच्या वावरात पळायची, मग ट्रॅक्टरवर बसायची. पुढं कुणीतरी मोबाईलवर पाण्याखाली तरंगणारी जोडी पाहिली आणि मला विचारलं, "काका, असं जमतंय का?" मला जन्मात कुणी "जमतंय का" विचारलं आणि मी "नाही" म्हणालो, असं घडलेलं नाही. माझ्या बहुतेक संकटांचं मूळ हेच आहे.

मी ॲक्शन कॅमेरा आणला. काडेपेटीहून थोडा मोठा, पाण्यात बुडवला तरी चालणारा. आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती लपवण्यात मी फार बुद्धी खर्च केली होती. मला पोहता येत नाही. पंचक्रोशीतला एकमेव पाण्याखालचा शूटिंगवाला विहिरीच्या पायरीवर बसून काम करायचा. चिंचा पाडायची लांब आकडी असते ना, तिच्या टोकाला कॅमेरा बांधायचा आणि वरून पाण्यात सोडायचा. कुणी विचारलं की सांगायचं, "मी पाण्यात आलो की पाणी हलतं, फोकस जातो."

पहिलं काम मिळालं ते लग्नाचं नव्हतंच. केदारखेड्याच्या एका शेतकऱ्याची मोटार दोर तुटून विहिरीत बसली होती, ती नेमकी कुठं आहे ते बघायचं होतं. मी आकडी फिरवून कॅमेरा वर काढला. पाण्याखाली असताना कॅमेऱ्याचं आणि मोबाईलचं बोलणं तुटतं, त्यामुळे आधी बुडवा, मग काढा, मग बघा, असा कारभार असतो. मोबाईलवर सगळं हिरवंगार. तो शेतकरी शांतपणे म्हणाला, "भाऊ, ही माझी विहीर हाय का पालकाची भाजी?" मोटार सापडली, पण ती मोटार आहे हे त्यानंच ओळखलं. मी तिला म्हैस म्हणत होतो. पुढची बरीच जोडपीही अशीच पालकाच्या भाजीत पोहली.

तिथून माझं फिल्टरचं शिक्षण सुरू झालं. गोष्ट सोपी आहे. उन्हात सगळे रंग असतात. पाणी त्यातला लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. एक परस खोल, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं खाली गेलं की लाल मलूल होतं. दोन-तीन परसांत ते काळपट पडतं. म्हणून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर रंगीत काचेचं झाकण बसवतात, त्याला फिल्टर म्हणतात. लोकांना वाटतं फिल्टर रंग देतो. तो काही देत नाही. जास्तीचे रंग अडवतो आणि मार खाल्लेल्या लालला पुढं यायला जागा करून देतो. साहजिकच उजेडही कमी होतो, म्हणून माथ्यावर ऊन पाहिजे.

हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की व्हिडिओतला एक गोरा गडी लाल फिल्टर लावतो आणि मासे झकास दिसतात. मी लाल फिल्टर मागवला. तो गडी निळ्या समुद्रात होता आणि मी हसनाबादच्या शेवाळलेल्या विहिरीवर जाणार होतो, हा फरक मला बारीक वाटला.

हसनाबादच्या उत्तमरावांची मुलगी वर्षा. पोलीस भरतीची तयारी करणारी, विहिरीत मासोळीसारखी पोहणारी. तिचं लग्न ठरलं होतं केदारखेड्याच्या राहुलशी. राहुल मुलगा गुणी, पण पाण्यात त्याचा दम अंघोळीच्या तांब्याएवढा. उत्तमरावांची विहीर बांधीव, पायऱ्यांची, वर कडुनिंब. दोन पोहणारे चुलते बाजूला ठेवले, राहुलच्या कमरेला दोर बांधला. वर्षाच्या आईनं लेकीच्या कपाळाला आधी मेण लावलं आणि त्यावर कुंकू, म्हणजे पाण्यात धुऊन जायला नको. लाल साडी, हिरवा चुडा. मी पोहोचलो चार वाजता. ऊन तिरपं, पाणी हिरवं, फिल्टर लाल. एका माणसाला एका दिवसात करता येतील तेवढ्या चुका मी पायरीवर बसायच्या आतच करून ठेवल्या होत्या.

वर्षा दोन परस खाली जाऊन साडीचा पदर पसरायची आणि वर बघून हसायची. चार-पाच वेळा केलं तिनं. राहुल दर वेळी शिंकत वर यायचा. मी वरून "वाह, वाह" करत होतो. कडुनिंबाची सावली आणि स्वतःचं तोंड याशिवाय मला पाण्यात काही दिसत नव्हतं.

कॅमेरा वर काढल्यावर मी आधी स्वतः बघायला पाहिजे होतं. मी काय केलं, अर्ध्या मिनिटाचा तुकडा तिथूनच दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "झलक."

रफिकभाईही त्या ग्रुपवर होते, त्यांचा फोन पाच मिनिटांत आला. "दत्ताभाऊ, वो पहले डिलीट मारो."

"काहून? झकास आलंय."

"देखा क्या आपने?"

मग मी पाहिलं. वर्षाचा चेहरा पितळी. साडी काळपट. आणि कपाळावर कुंकवाच्या जागी काळा ठिपका, जसा कुणी बुक्का लावावा. नवरी हसते आहे आणि कुंकू काळं. मी डिलीट केलं, पण तोवर ते केदारखेड्यात पोहोचलं होतं आणि तिथं ते कौसाआत्यानं पाहिलं होतं.

कौसाआत्या म्हणजे राहुलच्या वडिलांची मोठी बहीण. राहुलची आई लवकर गेल्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द तिचा. दुसऱ्या दिवशी निरोप आला: बस्त्याचे कपडे काढायचं थोडं थांबू, आत्याचं मन लागून न्हाई राह्यलं. आमच्याकडे "थोडं थांबू" याचा अर्थ सगळ्यांना बराबर कळतो.  वर्षा थेट माझ्या दुकानात आली.

"काका, मी राहुलला दोन वर्षं ओळखते. आमच्यात काही बिघडलं न्हाई. तुमच्या काचेनं माझं लग्न मोडू राह्यलं."

मी म्हणालो, "बाई, ते पाण्यामुळे होतं. शास्त्र आहे."

"मंग शास्त्र आत्याला दाखवा. मला काय सांगता?"

ती गेल्यावर रफिकभाई कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाले, "मैं कंप्यूटर पे लाल कर देता. दो मिनट का काम." केलंही त्यांनी. पण मूळ चित्रातच लाल शिल्लक नव्हतं, त्यामुळे कुंकवाबरोबर दात, डोळे आणि राहुलचं नाक असं सगळंच लाल झालं. आणि आत्या काय एवढी भोळी नव्हती. तिनं कळवलं होतं, "रंगवलेलं दाखवू नका. विहिरीत लाल निघलं तर बघू."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा अभ्यास केला. उत्तमरावांच्या विहिरीतून पिंप भरून पाणी आणलं. एका पुठ्ठ्याला मेण लावून त्यावर कुंकू फासलं, शेजारी हळद, शेजारी बायकोच्या बांगड्या, तिला न विचारता. पिंपाच्या बुडाशी पुठ्ठा ठेवला आणि कॅमेऱ्यावर एकेक रंग लावून पाहिला. जिलेटिनचे कागद, सरबताच्या बाटलीचा तुकडा, नातीचा गुलाबी गॉगल. पिंपात खोली कितीशी असणार, पण ते हिरवं पाणी हिरवंच होतं, आणि कोणत्या रंगानं ते निवळतं तेवढं कळलं. निळ्या पाण्याला लाल चालतो. हिरव्या पाण्याला त्याच्या उलटा रंग पाहिजे, गुलाबी आणि जांभळ्याच्या मधला. गुलबक्षीच्या फुलाचा असतो तो. नातीचा गॉगल सगळ्यात जवळ आला. मी तसा रीतसर फिल्टर मागवला आणि उत्तमरावांना फोन लावला.

"उत्तमराव, चूक पाण्याची नव्हती. पाणी हिरवं हाय, त्याला फिल्टर दुसरा पाहिजे."

"आसं हाय का? आधी सांगायचं ना. फिल्टरचं मी बघतो."

"तुम्ही कशाला, मी आणतो."

"न्हाई न्हाई, ते आपल्याकडं हाय. तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

मला वाटलं, बिचारा दुःखात आहे, काहीही बोलतो आहे. मी फोन ठेवला. हा फोन लक्षात ठेवा.

आठवड्यानं मी रफिकभाईंना बरोबर घेतलं आणि आम्ही पुन्हा विहिरीवर जमलो. या वेळी भर बारा वाजता. केदारखेड्याहून राहुल आला, आणि जीपमधून कौसाआत्या उतरली. उंच, काठीसारखी ताठ, कपाळावर मेणावर बसवलेलं रुपयाएवढं कुंकू. मागं तिचे यजमान, सगळे त्यांना दाजी म्हणतात. दाजी कडुनिंबाखाली बसले आणि तंबाखू मळायला लागले. आत्या पायरीवर माझ्या शेजारी बसली.

"तूच का तो, पोरीला बुक्का लावणारा?"

"आत्या, आज बघा तुम्ही. गुलबक्षी फिल्टर हाय."

"बघतेच."

वर्षा खाली गेली. या वेळी ती हसली नाही, नुसती डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. वर आली, मी आकडी ओढली, कॅमेरा पुसला, मोबाईल आत्याच्या हातात दिला. मीही वाकून पाहिलं.

पाणी जांभळं, साडी जांभळी. कुंकू वांग्याच्या रंगाचं.

पिंपात तर नीट आलं होतं.  आत्यानं मोबाईल परत दिला. "त्या दिवशी काळं, आज जांभळं. दाजी, उठा. जीप काढा."

उत्तमराव उभे होते ते खाली बसले. राहुल म्हणाला, "आत्या, थांब ना." त्याचा आवाज शिंकताना असतो तसाच निघाला. बोलली ती वर्षा. चिंब ओली, केस कपाळाला चिकटलेले, पायरीवरून वर आली आणि आत्याच्या समोर उभी राहिली.

"आत्या, राहुल सांगतो तुम्ही केदारखेड्याच्या विहिरीत वरून सूर मारायच्या. खरं का?"

"मंग? खोटं सांगतो का तो?"

"तर आज उतरा. माझं कुंकू खोटं निघलं. तुमचं बघू."

 दाजींचा हात तंबाखूवर थांबला. आत्यानं तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग चपला काढल्या, नऊवारीचा काष्टा घट्ट केला, आणि मी सांगतो ते खोटं वाटेल, पण त्या बाईनं चौथ्या पायरीवरून असा सूर मारला की पाण्याचा एक थेंब उडाला नाही. रफिकभाईंनी नंतर सांगितलं की दोन बादल्या पाणी उडालं आणि त्यातली एक त्यांच्यावर. मी घाईत आकडी सोडली. फिल्टर लावायचं विसरलो. नुसता उघडा कॅमेरा गेला.

आत्या वर आली, पायरी धरून श्वास घेतला. "दाखव."

मी मोबाईल तिच्यासमोर धरला. पडद्यावर आत्या, गाल फुगलेले, डोळे वटारलेले. आणि कपाळावर रुपयाएवढं काळंभोर कुंकू.

तिनं हात कपाळाला लावला. बोट पाहिलं, लाल. पडदा पाहिला, काळं. पुन्हा बोट पाहिलं.

दाजी वाकून आमच्या डोक्यावरून बघत होते, ते तेवढ्यात म्हणाले, "कौसे, माझ्याकडं बघ."

"काय?"

"मी मेलो का?"

"काय बोलता हो."

"तुझं कुंकू काळं झालं ना? मी तर हितं तंबाखू मळून राह्यलोय."

सगळ्यात आधी वर्षाची आई हसली, तोंडाला पदर लावून. मग चुलते, मग राहुल. आत्या हसली नाही, पण तिनं वर्षाकडे पाहिलं आणि पायरीवर सरकून तिच्यासाठी जागा केली. "बस हितं. गारठली का?" एवढंच म्हणाली. उत्तमरावांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं.

मला वाटलं, सुटलो. आत्या माझ्याकडे वळली.

"आता लाल काढ. पोरीचं लाल निघल्याशिवाय मी जात न्हाई. अन् कोणता फिल्टर लावायचा, हे तू ठरवतो कसा?"

"व्हिडिओ बघून."

"पाण्यात उतरून न्हाई?"

मी पाणी हलण्याचं आणि फोकसचं सांगायला लागलो. रफिकभाई मागून म्हणाले, "इनको तैरना नहीं आता." इतक्या वर्षांचं माझं गुपित त्यांनी एका वाक्यात कापून टाकलं.

आत्यानं डबा मागवला. लहान पोरांना पोहायला शिकवताना पाठीला बांधतात तो, बूच घट्ट लावलेला तेलाचा रिकामा डबा. ज्या माणसाच्या नातीचं बारसं झालं, जावळ झालं, शाळा सुरू झाली, त्या माणसाच्या पाठीला हसनाबादेत भर बारा वाजता डबा बांधला. दोन चुलत्यांनी बगलेत धरलं. आत्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद द्यावा तसा, आणि खाली दाबला.

आत मी डोळे उघडले. पहिलं जे दिसलं ते वर्षाचे पाय, पायरीवरून सोडलेले, आणि त्यांतले पैंजण. मग विहिरीची तळाकडं उतरत जाणारी दगडी बांधणी, चिरा न् चिरा. आणि पाणी हिरवं नव्हतं. निळसर होतं, धुतलेल्या काचेसारखं.

मी वर आलो ते ओरडतच. "उत्तमराव, पाण्याला काय केलं?"

"काय केलं म्हंजे? तुम्हीच म्हणला ना, फिल्टर पाहिजे." ते अभिमानानं उभे राहिले. "आठ दिवस मोटार चालू हाय. हितलं पाणी ठिबकच्या फिल्टरातून काढून परत हितंच सोडून राह्यलो. वाळूचा बी लावला, जाळीचा बी लावला. वरून तुरटी फिरवली. आता पेला भरून पिऊ शकता."

आमच्या भागात फिल्टर म्हणजे ठिबकचा. शेतकऱ्याला दुसरा कोणता आठवणार? मी हिरव्या पाण्याचं औषध आणलं होतं आणि त्या भल्या माणसानं आजारच बरा करून ठेवला होता. वरून पाहणाऱ्याला विहिरीत कडुनिंब दिसतो, स्वतःचं थोबाड दिसतं. पाणी बघायचं तर डोकं आत घालावं लागतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी डब्याच्या आधारानं कळलं.

"रफिकभाई," मी दम खात म्हणालो, "निळ्या पाण्याला लाल लागतो. आणि लाल तर मी रागानं दुकानात फेकून दिला."

रफिकभाईंनी खिशातून लाल फिल्टर काढला. "मैंने उठाया था. आपका फेंका हुआ मैं हमेशा देख के फेंकता हूँ."

वर्षा पुन्हा खाली गेली. ऊन थेट माथ्यावर, पाणी स्वच्छ, खोली दोन परस. या वेळी ती हसली. मी कॅमेरा वर काढला आणि न बघता मोबाईल आधी आत्याच्या हातात दिला. आत्यानं बराच वेळ पाहिलं. मग मोबाईल दाजींकडे केला.

"बघा. लाल हाय ना?"

दाजी म्हणाले, "लाल हाय. आता तरी जेवायला चला."

लग्न झालं. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर ती फिल्म लावली, त्यात नवरीपेक्षा आत्याचा सूर जास्त वेळा मागून पाहिला गेला. वाटे लावताना, म्हणजे पाठवणीच्या वेळी, वर्षानं रडता रडता माझ्या हातात एक छोटी डबी ठेवली. "काका, कुंकू हाय. दुसऱ्या पोरीच्या वेळी आधी हे बुडवून बघा."

ती डबी आता कॅमेऱ्याच्या पिशवीत असते. शेजारी लाल फिल्टर, गुलबक्षी फिल्टर आणि पिशवीत मावत नाही म्हणून बाहेर लटकवलेला तेलाचा डबा. कुठल्याही विहिरीवर गेलो की आधी मी डबा बांधून डोकं आत घालतो, मग फिल्टर निवडतो. लोक हसतात, हसू द्या. त्याआधीची किती कामं मी पायरीवर बसून केली, किती पोरींचे चेहरे पालकाच्या रंगाचे करून दिले आणि त्यांच्या घरचे सभ्यपणे काही बोलले नाहीत, याची मात्र आता रुखरुख लागते.

त्या दिवसाचा माझा एक फोटो रफिकभाईंनी काढून ठेवला आहे. माझाच कॅमेरा आकडीनं पाण्यात सोडून काढलेला, पाणी इतकं नितळ की सगळं दिसतं. पाठीला डबा, गाल फुगलेले, डोक्यावर आत्याचा हात. रफिकभाई तो मोठा करून लोकांना दाखवतात आणि सांगतात, नीट बघा, ह्यांचे डोळे गच्च मिटलेले आहेत. फोटोत तसं दिसतं खरं. पण मग पाणी निळं झालंय हे मला कुणी सांगितलं, याचं उत्तर त्यांना अजून देता आलेलं नाही.